उघडायला किती माणसे लागतात?

बालाघाटाच्या एका सोंडेवर, दोन अंगांना खोल दऱ्या ठेवून धारूरचा किल्ला बसवला आहे. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने १५६७च्या सुमारास तो बांधून काढला. दोनेक वर्षांतच अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने तो घेतला, किश्वरखान मारला गेला आणि गावाला फतेहाबाद असे नाव मिळाले. किल्ल्यांवर लिहिणारे अशा ठिकाणी तटाची रुंदी मोजतात. मला धारूरच्या इतिहासात जास्त रस वाटतो तो १६३१च्या जानेवारीत. त्या वेळी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि शहाजहानचा सेनापती आझमखान धारूरपुढे येऊन थांबला होता. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी या किल्ल्याबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एक म्हणजे मजबुतीसाठी आणि युद्धसामग्रीसाठी तो दख्खनभर नावाजलेला होता. दुसरी म्हणजे किल्ल्याजवळच्या पेठेत आठवड्याचा बाजार भरे आणि पंचक्रोशीतली माणसे तिथे खरेदी-विक्रीला येत. मोगलांनी पेठेवर हात घातला आणि किल्लाही घेतला. मग आझमखान परांड्याला वेढा घालायला गेला, पण तिथे जनावरांना चारा मिळेना. वेढा उठवून तो परतला तो पुन्हा धारूरलाच.

म्हणजे एक किल्ला भरलेला होता म्हणून घेण्यासारखा होता आणि दुसऱ्याभोवतीचे रान रिकामे होते म्हणून तो वाचला. साठवणीचा मागोवा घ्यायला धारूरइतके चांगले गाव नाही, असे मला वाटते ते यामुळे. इथे वरती सरकारी साठवण होती आणि खाली माळवदाच्या घरांत रयतेची. दोघींचे शत्रू तेच: ओल, उंदीर, आग आणि माणूस.

किल्ल्यांवरच्या साठवणीचे नियम आपल्याकडे लिहून ठेवलेले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जे सांगितले आहे ते एखाद्या काटेकोर गृहिणीने सांगावे तसे आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, तळात ओल येऊ नये म्हणून गच्च करावी, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू-बाण बाहेर काढून ऊन द्यावे, मग पुन्हा शिक्का करून ठेवावे. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-वैरण आताच उधळू नका, आणि रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, असा त्यात इशारा आहे. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो याचे लोकांना कौतुक वाटते. पण ज्याने कधी धान्य राखले आहे त्याला त्यात नवल वाटणार नाही. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारे पाहिली की समजते की नद्यांची नावे द्यावीत इतका त्या धान्याचा मान होता.

घराकडे वळू. महाराष्ट्रातली साठवणीची जुनी खूण पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला सापडली. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३पर्यंत तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकानंतरच्या वस्तीत जमिनीत खणलेली, आतून लिंपलेली गोल कोठारे होती, मोठ्या रांजणांसाठी आणि कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे होते. वस्तीतल्या सर्वांत मोठ्या, पाच खोल्यांच्या घराला लागून धान्याचे कोठार होते. उत्खनन करणाऱ्यांनी ते घर गावप्रमुखाचे मानले, आणि त्याला मुख्य आधार त्या कोठाराचाच. तीन हजार वर्षांपूर्वीही सत्ता कुठे राहते हे ओळखायचे तर धान्य कुठे आहे ते पाहावे लागते.

त्या खड्ड्यांचे थेट वारस म्हणजे पेव. घट्ट मुरमाची किंवा पांढरीची, पाणी न लागणारी जागा निवडायची. तोंड एका माणसाला उतरता येईल एवढेच, खाली पोट मात्र ऐसपैस. आत कडबा पेटवून भिंती भाजून-वाळवून घ्यायच्या, कडेने आणि तळाला कडब्याचा थर द्यायचा, मग ज्वारी ओतायची. वरून पुन्हा पेंढा, त्यावर शिळा, शिळेवर माती. हे सगळे झाल्यावर धान्य आत श्वास घेत राहते. बंद जागेतला प्राणवायू धान्य आणि त्यातले किडे मिळून संपवतात, कर्बवायू साचतो आणि किडे मरतात. औषध-पावडर काही नाही. भिंतीला लागलेला थर काळवंडतो, त्याला वास येतो, तेवढे जनावरांना जाते. पेवातल्या ज्वारीची भाकरी जिभेला ओळखू येते, पण मधला ढीग वर्षानुवर्षे टिकतो.

जो वायू किड्यांना मारतो तो माणसालाही मारतो. म्हणून पेव उघडणे हे एकट्या-दुकट्याचे काम नव्हते. शिळा सरकवायला चार हात लागत, तोंड काही तास उघडे ठेवावे लागे, कंदील दोरीने आत सोडून ज्योत तगते का ते पाहावे लागे, मगच एक जण उतरे आणि वरच्यांनी पाट्या ओढायच्या. घाई करणारे गुदमरून मेले आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे नदीकाठच्या मातीत शेकड्यांनी होती; २००५च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी कायमची गेली. दूर भूमध्य समुद्रात माल्टा बेटावर सेंट जॉनच्या सरदारांनी वेढ्याच्या भीतीने सतराव्या शतकापासून खडकात अशीच घंटेच्या आकाराची भुयारी कोठारे खोदली आणि दगडी झाकणांनी बंद केली. तिथे भीती तुर्की आरमाराची, इथे मोगल फौजेची आणि त्याहून जास्त न पडणाऱ्या पावसाची.

या सगळ्यात कुलूप कुठेच नाही हे मला महत्त्वाचे वाटते. पेवाचे रक्षण त्याच्या जडपणात होते. ते उघडले की गल्लीला कळे. कुणाच्या पेवात किती खंडी होते हे गावाला ठाऊक असे, आणि ते कधी उघडले यावरून घराची परिस्थितीही कळे. आषाढात पेव उघडणारा घरमालक कधी स्वतःच्या खाण्यासाठी उघडी, कधी वाढीदिढीने द्यायला. पावसाळ्यात एक मण घ्यायचे आणि खळ्यावर दीड मण परत करायचे, या व्यवहाराला कागद फारसा लागत नसे, कारण उघडताना साक्षीदार हजर असतच. ज्यांच्या नशिबी खळ्यावरचे बलुते किंवा सालाचे दाणे तेवढेच होते, त्यांच्या घरी पेव नव्हते. तिथे गाडगी होती, आणि ती ज्येष्ठाच्या आत तळाला लागत. साठवणीचा इतिहास सांगताना आपण नेहमी भरलेल्या घराचा सांगतो.

पेव घराबाहेर किंवा अंगणात असे. घराच्या आत मराठवाड्याने वेगळीच युक्ती काढली होती, ती म्हणजे बळद. माळवदाच्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात रुंद. दोन भिंतींच्या मध्ये किंवा खोलीच्या अंधाऱ्या टोकाला आडवी भिंत घालून एक बंद कप्पा सोडत. धान्य वरून, माळवदावरच्या तोंडातून ओतायचे आणि खाली गुडघ्याच्या उंचीला ठेवलेल्या लहान भोकातून हवे तेवढे काढून घ्यायचे. भोकाला बोळा, बोळ्यावर शेण-मातीचा लेप. दार नाही, कडी नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती भिंत दिसे. गढीत काय किंवा साध्या लादनीच्या घरात काय, बळद म्हणजे घराचाच एक अवयव. ते विकता येत नसे, हलवता येत नसे, वाटण्यांच्या वेळी मात्र भांडणाला कारण होई.

बळदाच्या खालच्या तोंडाशी सासूचे राज्य. रोजची ज्वारी किती काढायची ते ती ठरवी, सूप तिच्या हातात. सुनेला बोळा काढायची मुभा कधी मिळाली यावरून त्या घरातले दिवस मोजता येत. बायकांची स्वतःची साठवण त्या मानाने लहान आणि चोरटी होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यावर मडके रचलेली उतरंड असे. खालच्या मोठ्या मडक्यात डाळ, वर मीठ, मग हळद, मग बी-बियाणे, अगदी वर पसाभर काहीतरी. मधल्या कुठल्याशा गाडग्यात डाळीखाली अंडी-लोणी विकून साठवलेले चार पैसे असायचे. ते काढायचे तर वरची सगळी मडकी उतरवावी लागत, आणि पुरुषांना तेवढा धीर नसतो, हाच बंदोबस्त. तुरीला एरंडेल चोळणे, कडधान्यात राख कालवणे, कडुनिंबाचा पाला घालणे, चैत्र-वैशाखाचे ऊन देणे ही कामेही त्यांचीच. आज्ञापत्रातला हवालदार पगारी होता, एवढाच फरक.

याखेरीज निरगुडीच्या फोकांची विणून शेणाने सारवलेली कणगी, तुपा-दुधाचे शिंके, भिंतीतल्या देवळ्या, दोरीची वळणी, गोधड्यांची चळत, कडब्याची गंजी. आता यांतल्या बहुतेक वस्तू पर्यटन केंद्रांत ‘ग्रामीण जीवन’ या पाटीखाली मांडलेल्या दिसतात, आणि कणगी तिथे हटकून उलटी ठेवलेली असते.

पाणी हीसुद्धा साठवणच, आणि धारूरला ती सगळ्यांत अवघड. किल्ल्यात गोडी दिंडी आणि खारी दिंडी अशी नावे आहेत. पाण्याच्या चवीवरून जागेला नाव पडावे, एवढे ते तिथे लक्षात राहण्यासारखे. खाली गावात हे काम रांजणाने केले, मग सिमेंटच्या हौदाने आणि आता निळ्या पिंपाने. रसायनांच्या कारखान्यातून सुटलेले हे पिंप टँकरच्या वर्षांत घरासमोर ओळीने उभे राहते. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. बीड जिल्ह्यातल्या गावांनी तो उन्हाळा टँकरच्या फेऱ्यांवर आणि पिंपांवर काढला.

बळद गेले त्याची कारणे तीन, आणि ती एकाच वेळी आली नाहीत. पहिले धान्यातच होते. १९६४मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. ‘हायब्रीड’ने पोटे भरली हे खरे, पण ती खरिपात येते, कणसे पावसात भिजतात, दाणा काळा पडतो आणि मऊ असल्याने सोंडा किडा त्यात लवकर घर करतो. मालदांडी बळदात दोन-तीन वर्षे निवांत पडून राही. हायब्रीडला वर्ष काढणे कठीण. मग पारदाच्या टिकड्या आल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या, आणि त्यांच्यामागून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आल्या, ज्यांनी किडे मेले आणि ज्या घरात ठेवल्यामुळे माणसेही मेली. बंद हवेची जुनी विद्या मात्र कुणी आठवली नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळी साठवायला तिहेरी आवरणाची हवाबंद पिशवी तयार केली. काम तेच: किड्यांचा प्राणवायू तोडायचा. आपल्या पेवाचे ते प्लॅस्टिकमधले धाकटे भावंड, पण इकडे ते परदेशी तंत्र म्हणून आले.

दुसरे कारण १९७२. त्या दुष्काळात बळदे तळापासून झाडली गेली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून लोकांनी परदेशी मिलो आणि सुकडी खाल्ली. धान्य घराबाहेरून, सरकारकडून येऊ शकते हा अनुभव एका पिढीच्या अंगात मुरला. भारतीय अन्न महामंडळ १९६५मध्ये स्थापन झाले होते, महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ त्याही आधी १९५७मध्ये. साठवण हळूहळू गावाच्या भिंतीतून निघून सरकारी गोदामाकडे सरकत गेली. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर तर माणशी दरमहा पाच किलो हेच माप झाले. वर्षाचे धान्य एकदम भरून ठेवण्याची गरज ज्यांना कायमची होती आणि ऐपत कधीच नव्हती, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बळदाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ती नजरेआड करू नये.

तिसरे कारण एका रात्रीचे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे ओझे अंगावर येऊन. धारूर तिथून दूर आहे, पण माळवदाखाली झोपायची भीती साऱ्या मराठवाड्याने घेतली. लोक महिनोन्महिने अंगणात झोपले. त्यानंतर ज्याला जमले त्याने माळवद उतरवून पत्रे टाकले किंवा स्लॅब घातला. नऊ इंची विटेच्या भिंतीत बळद बसत नाही. पुनर्वसनाच्या वसाहतींत घरे मजबूत मिळाली, पण आता पोती ठेवायची कुठे हा प्रश्न तिथल्या बायकांना पहिल्या सुगीलाच पडला.

मोकळ्या झालेल्या भिंतीला लागून कपाट आले. त्याची वंशावळ निराळी आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७मध्ये मुंबईत लालबागला कुलुपे करायला सुरुवात केली. त्याआधी शस्त्रक्रियेची अवजारे बनवण्याचा त्यांचा उद्योग बसला होता. पाच वर्षांनी, १९०२मध्ये त्यांनी तिजोरी केली आणि १९२३मध्ये पोलादी कपाट. १९४४च्या एप्रिलमध्ये मुंबई गोदीत स्फोट झाला तेव्हा आगीतून त्यांच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले, आणि याहून मोठी जाहिरात कुणाला करता येणार नव्हती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्याने बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार केल्या. धारूरसारख्या गावातल्या पुष्कळ माणसांनी पोलादी पेटीत आयुष्यात पहिल्यांदा काही टाकले असेल तर ते मत.

कपाट येण्याआधी श्रीमंताकडे हडपा होता, पेटारा होता, नोकरदाराकडे पत्र्याची ट्रंक. पैसा अंगावरच असे: पुरुषांच्या कमरेच्या कशात, बायकांच्या कनवटीला. जास्तीचा असला तर जमिनीत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पुरणाऱ्याचे काय झाले कोण जाणे, पण न उघडल्यामुळेच ती आपल्यापर्यंत पोहोचली. अशा शोधांमुळे गुप्तधनाची हाव काही कमी होत नाही. १८७८चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. तरी गढ्या-किल्ल्यांच्या भिंती रात्री उकरणारे आहेतच, आणि गुप्तधनासाठी अमानुष प्रकार करणाऱ्यांचा उल्लेख २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात मुद्दाम करावा लागला.

कपाटाने या सगळ्या जागा एकत्र केल्या. वरच्या फळीवर साड्या, मध्ये शालू आणि मुलांचे दाखले, आतल्या लहान कप्प्यात मंगळसूत्र, पाटल्या, पासबुक. समोर आरसा. लग्नात आंदणाच्या भांड्यांबरोबर ते टेंपोतून वाजतगाजत येऊ लागले. खरे ‘गोदरेज’ फार थोड्यांना परवडले. तालुक्याच्या गावी पत्रा वाकवून, वेल्डिंग करून, वर कढईत कालवलेला रंग मारून देणारी दुकाने निघाली आणि त्यांच्या कपाटालाही लोक गोदरेजच म्हणतात. बळद लपलेले होते, कपाट दाखवायचे असते. आणि बळदाच्या बोळ्याशी सासू बसे. कपाटाची किल्ली मात्र जिच्या माहेरहून ते आले तिच्या पदराला राहिली. मराठवाड्यातल्या बाईच्या हातात आलेली ही बहुधा पहिली कायदेशीर भासणारी जागा. नवऱ्याने ती किल्ली हिसकावल्याच्या तक्रारी मात्र पोलीस ठाण्यात पोचत नाहीत, त्या माहेरच्या ओसरीवरच थांबतात.

कामाच्या ठिकाणची साठवण वेगळ्या चालीने गेली. मोंढ्यावरच्या आडत्याकडे गल्ला आणि वह्या. कचेरीत कागद कापडाच्या रुमालात बांधून ठेवायची पेशवाईपासूनची पद्धत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले असे हजारो रुमाल इतिहासकारांनी सोडले, आणि गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून पंचेचाळीस खंड छापून काढले. रयतेला मात्र कागदाची दुसरी बाजू माहीत होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला तेव्हा रोख होता तो कर्जरोख्यांवर. दंगे पसरले तिथे रोखे हिसकावून जाळले गेले. धान्याच्या पेवापेक्षा कागदाची पेटी भारी झाली, हे त्यांनी कुठल्याही अर्थशास्त्र्याच्या आधी ओळखले होते.

मराठवाड्यात तोच कागद पुन्हा उघडला गेला २०२३मध्ये. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी तहसिलींतले अभिलेख कक्ष धुंडाळले जाऊ लागले. निजामकाळातली खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांची जुनी रजिस्टरे, कुठे मोडी, कुठे उर्दू. वर्षानुवर्षे ज्या खोल्यांत वाळवी आणि कारकून यांच्याखेरीज कुणी गेले नव्हते तिथे मोडी वाचकांना शोधून आणावे लागले. नीट बांधलेल्या रुमालातल्या घराण्याला दाखला मिळाला. ज्या गावाचे बाड भिजले त्याची पंचाईत झाली. आज्ञापत्रातला आठ-पंधरा दिवसांनी ऊन देण्याचा नियम दारूऐवजी दफ्तराला लावला असता तर किती भांडणे वाचली असती!

आज धारूरच्या शेतकऱ्याच्या पुढच्या खोलीत जे साठलेले असते ते खाण्याचे नसते. कापूस आणि सोयाबीन. भाव वाढेल म्हणून कापूस घरात ढिगाने ठेवतात आणि त्यातल्या किड्यांनी लहान मुलांच्या अंगाला खाज सुटते. तरी तो मार्चपर्यंत हलत नाही. सोयाबीनची पोती थप्पीने. ही साठवण भुकेसाठी नाही, बाजाराच्या चढउतारासाठी आहे, आणि त्यासाठी घर अगदीच अयोग्य जागा आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी घ्या. योजना चांगली. पण गोदाम तालुक्याला, पोती गावात, मधले भाडे आणि हमाली ज्याच्याकडे आहे तोच तिथवर जातो. बाकीचे दिवाळीआधीच व्यापाऱ्याला देऊन मोकळे.

सोने बँकेच्या लॉकरात. तिथे दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, आणि आत काय आहे हे बँकेला माहीत नसते. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत ठरवली. हजार-दोन हजार भाड्याच्या लॉकरात आजच्या भावाचे किती तोळे मावतात याचा हिशेब करून पाहिला की आजीचा चुलीखालचा खड्डा अगदीच अडाणी वाटत नाही. अर्थात धारूर परिसरातले बहुतेक सोने लॉकरपर्यंत पोचतच नाही. ते पेरणीच्या आधी गहाण पडते आणि सुटते तेव्हा सुटते.

दसऱ्यानंतर या तालुक्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत मावला पाहिजे: ज्वारी-बाजरीची पोती, तवा, परात, गोधड्या, पाण्याचे पिंप, कोपीसाठी ताडपत्री. कपाट घरीच राहते, त्याला कुलूप, घराला कुलूप, किल्ली म्हाताऱ्याकडे. मुलांपैकी कुणी हंगामी वसतिगृहात. गळ्यातली पोत सोडली तर मौल्यवान असे सोबत जाते ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत: आधार कार्ड, पासबुक, शिधापत्रिका. कोपीला दार नसते, म्हणून ती पिशवी पाचटाच्या छपरात खोचतात किंवा बाई कमरेला बांधून फडात नेते.

आता शिधापत्रिका देशात कुठेही चालते. धारूरचा धान्याचा वाटा पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याजवळच्या दुकानातून उचलता येतो, निदान नियमाप्रमाणे. तिथे पेव नाही, बोळा नाही, किल्लीही नाही. यंत्रावर अंगठा टेकवला की कोठार उघडते. फक्त ऊस तोडून-तोडून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र पुन्हा पुन्हा नकार देते. दुकानदार हात धुऊन यायला सांगतो, दुसरे बोट लावायला सांगतो, शेवटी मोबाईलवर ओटीपी येईल म्हणतो. मोबाईल थोरल्याकडे असतो, आणि थोरला त्या वेळी गाडी भरून कारखान्याच्या रांगेत उभा असतो.